समजूत आणि प्रतिक्रिया : सर्पदंशाच्या संदर्भात



अंधारात पडलेली दोरी साप वाटली की माणूस मागे उडी घेतो. वेदान्ताने हा दृष्टान्त निराळ्या हेतूने योजिला असला, तरी त्यातील मानसशास्त्र खरे आहे. माणसाला मागे रेटते ती सापाची समजूत. क्षणार्धात छाती धडधडते, स्नायू ताठरतात, आणि 'ही तर दोरी' हा विचार मागाहून पोहोचतो.

समजूत निराळी असेल तर प्रतिक्रियाही निराळी होते. सोलापूर जिल्ह्यातील नागोबाच्या शेटफळात नाग घराजवळ दिसला तरी त्याच्यावर काठी उगारली जात नाही, अशी त्या गावाची ख्याती आहे. अन्यत्र तोच नाग निघाला की आधी काठी शोधली जाते. साप तोच, विषही तेच. अंतर आहे ते बालपणापासूनच्या संस्कारांचे. अर्थात श्रद्धेने विष उतरत नाही, हे शेटफळलाही लागू आहेच.

खरी हानी होते ती दंशानंतरच्या समजुतीने. खेड्यापाड्यांत साप चावला असे उघड म्हणत नाहीत. 'पान लागले' म्हणतात. भीतीपोटी नाव टाळले जाते, आणि त्याच भीतीने पावले आपोआप देवळाकडे किंवा मांत्रिकाकडे वळतात. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. साहजिकच पुष्कळ रोगी बरे होतात व श्रेय मंत्राला मिळते. पुढच्या खेपेस दंश घोणशीचा असतो, आणि उपचाराचे मोलाचे तास अंगाऱ्यात जातात.

मण्यारीची गोष्ट अधिक कठीण आहे. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यास चावते. वेदना नाममात्र, सूज जवळजवळ नाहीच. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात. घरची माणसे अपचन समजून ओवा देतात. त्यांची माया कमी नसते; लक्षणाला नाव मात्र चुकीचे मिळालेले असते. घोणशीच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते : तिला अजगराचे पिल्लू समजून हातात घेणारेही आढळतात.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती.

अशा वेळी 'घाबरू नका' हा उपदेश फारसा उपयोगी पडत नाही. भय आज्ञेने थांबत नसते. मात्र प्रसंगाची ओळख आधीच करून देता येते. पावसाळ्यापूर्वी शिक्षकांनी वर्गात नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांची चित्रे दाखवावीत. पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या की सर्पदंशाची शंका घ्यावी, हे मुलांकडून घरोघर पोहोचवावे. ग्रामसभेत प्रत्यक्ष करून दाखवावे : जखम कापू नये, दोरी आवळू नये, दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा, १०८ क्रमांकास कळवावे आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. साप मारून बरोबर नेण्याची धडपडही अनाठायी आहे. भारतात वापरले जाणारे प्रतिविष या चारही सापांवर चालते, आणि सापाच्या शोधात गेलेली वेळ रोग्याच्या वाट्याची असते.