तंत्रशिक्षणापूर्वी गणिताची पूर्वतयारी



परभणी जिल्ह्यातील जिंतूर, पालम वा सोनपेठच्या खेड्यातून दहावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी तंत्रनिकेतनात प्रवेश घेतो, तेव्हा त्याच्या पाठीशी बहुधा एका शेतकरी कुटुंबाची पुंजी उभी असते. प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो. परंतु पहिल्याच वर्षी त्रिकोणमिती आणि कलनशास्त्र त्याच्यापुढे येते. तेथे जो अडखळतो तो बुद्धीने उणा असतो, असे नव्हे. अपूर्णांक, गुणोत्तर आणि सूत्रातील पदांची मांडणी बदलण्याची रीत त्याच्या अंगवळणी पडलेली नसते. त्यातच मराठी शाळेतील ‘कर्ण’ तेथे ‘हायपोटेन्यूज’ होतो आणि ओळखीचे गणितही परके वाटू लागते.

ही उणीव भरून काढण्यास मोठा खर्च नको. निकाल आणि वर्गारंभ यांमधील काही आठवडे व गावातील शाळेची एक खोली पुरेशी आहे. आरंभी वीस उदाहरणांची चाचणी घ्यावी. ती गुण देण्यासाठी नव्हे, तर कोठे कच्चे राहिले ते शोधण्यासाठी.

उदाहरणे शिवारातीलच असावीत. ३३ फूट बाजूच्या चौरसाचा, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. एक हेक्टर क्षेत्रावर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी होते. हे विद्यार्थ्याने स्वतः काढावे. काठीची व जलकुंभाची सावली एकाच वेळी मोजून कुंभाची उंची काढली, की समरूप त्रिकोण समजतात व त्रिकोणमिती सुलभ होते. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त त्रैराशिकाबरोबरच खोदकाम, लाकूडकापणी आणि सावली यांचे हिशेब दिले आहेत, ही रीत या भूमीला नवी नाही.

मात्र तेथेच थांबू नये. त्याच उदाहरणात संख्यांच्या जागी अक्षरे घालून सूत्र मांडावे व त्यातील प्रत्येक राशी आळीपाळीने काढावयास लावावी. सोबत रोज पाच इंग्रजी संज्ञा मराठी अर्थासह फळ्यावर लिहाव्यात.

ग्रामपंचायतीने दिवाबत्तीची सोय करावी, शिक्षकांनी मार्गदर्शन करावे आणि तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या गावच्याच विद्यार्थ्यांनी सुटीत साहाय्य करावे. वर्ग गावातच भरल्यास मुलींनाही त्याचा लाभ घेता येईल. प्रवेश मिळवून देणे हे अर्धेच कार्य आहे. प्रवेश घेतलेला विद्यार्थी पहिल्या वर्षीच माघारी फिरू नये, ही उरलेल्या अर्ध्याची कसोटी होय.