दारातली नवी गाडी



आमच्या गावात पूर्वी कोणाकडे नवी मोटारसायकल आली, हे सांगावं लागत नसे. आवाजावरून कळायचं. श्रीवर्धनच्या या किनारपट्टीवर घरं वाडीत लपलेली. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळी आणि त्यापलीकडे समुद्र. दुपारच्या शांत वेळी रस्त्यावर अनोळखी इंजिनाचा आवाज आला की बायका ओटीवर येत, पोरं धावत सुटत. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० बाजारात आली. पुढे दोन-तीन वर्षांनी कुवेतहून सुटीवर आलेल्या आमच्या चाचांनी ती घेतली. त्याआधी गावाला ठाऊक होती ती राजदूत. राजदूत दोन आळ्या पलीकडून ऐकू यायची. ही नवी गाडी मात्र दारात येऊन थांबली तरी अम्मीला पत्ता लागला नाही. लिटरला ऐंशी किलोमीटर जाते, असं चाचा सांगत आणि लोक मान हलवत, पण विश्वास कोणी ठेवत नसे.

चाचांनी 'बिस्मिल्ला' म्हणून पहिली किक मारली. पुढच्या वर्षी शेजारच्या घरी गाडी आली, तेव्हा तिच्या चाकाखाली लिंबू चिरडलं, हँडलला झेंडूचा हार घातला. रीत ज्याची त्याची. पेढे मात्र दोन्ही घरांचे दोन्ही घरांत गेले. आमच्याकडे नवी गाडी म्हणजे एका माणसाची खरेदी नव्हती. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची सोय, मुंबईची एसटी गाठून द्यायची सोय, असोली सुपारीचं पोतं बाजारात टाकायची सोय. गाडी एकाची, पण तिच्यावर हक्क अख्ख्या आळीचा.

हे सगळं आज सांगायचं कारण असं, की मध्ये काही वर्षं आमच्या आळीत असा हार घातलेली एकही गाडी आली नाही. आधी ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी कवितेचा माणूस, पोटासाठी शाळेत कारकुनी केली, आकड्यांशी माझा संबंध हजेरीपुरता. पण वर्तमानपत्रात मोटारसायकलींची विक्री घटल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि त्यांतला एक आकडा माझ्याच घरातला आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आधी मोठा हिशेब सांगतो. २०१८-१९ या वर्षात देशात सुमारे १ कोटी ३६ लाख मोटारसायकली विकल्या गेल्या. त्याआधी इतक्या कधी खपल्या नव्हत्या. तीनच वर्षांनी, २०२१-२२ मध्ये, हा आकडा ९० लाखांच्या घरात आला. म्हणजे तीन गाड्यांमधली एक गाडी नाहीशी झाली. एप्रिल २०२० मध्ये तर टाळेबंदीमुळे मोठमोठ्या कंपन्यांची देशातली महिन्याची विक्री चक्क शून्य होती.

सगळं खापर कोरोनावर फोडून मोकळं होता येत नाही. घसरण त्याच्या वर्षभर आधीच सुरू झाली होती. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम भरणं सक्तीचं झालं. त्याच सुमारास आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तसंस्थेने कर्जफेड थकवली आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या छोट्या-मोठ्या वित्त कंपन्यांनी हात आखडता घेतला. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सुधारित ब्रेक बंधनकारक झाले. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले, कार्बोरेटर गेला आणि त्याच्या जागी महाग इंधन-यंत्रणा आली. मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर सोसण्यासारखी. पण सगळ्यांचा भार पडला तो शंभर सीसीची गाडी घेणाऱ्यावर, म्हणजे ज्याच्या खिशात सर्वांत कमी त्याच्यावर. महागडी गाडी घेणाऱ्याला वाढलेले दहा-पंधरा हजार हप्त्यात दिसतही नाहीत. आमच्याकडे तेवढ्यात वाडीचा वर्षाचा खर्च निघतो.

आता घरातला हिशेब.

माझा मुलगा माणगावला एका मोटारसायकलींच्या शोरूममध्ये कामाला होता. दिवसभर इतरांना गाड्या दाखवायचा आणि संध्याकाळी एसटीने घरी यायचा. स्वतःची गाडी घ्यायची म्हणून पगारातून थोडे थोडे पैसे माझ्याकडे आणून देई. चाळीस हजार जमले होते. मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पुढे ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटरचा वारा. तो ओसरल्यावर मी मागच्या दाराने वाडीत गेलो, तर मला समुद्र दिसला. पन्नास वर्षांत आमच्या मागच्या दारातून समुद्र कधी दिसला नव्हता. मध्ये झाडं असायची.

पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींवर पडल्या होत्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव आपण ऐकलं असेल. तिच्यावर या भागातल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात. लग्नं तिच्यावर होतात, मुलांची शिक्षणं होतात आणि हो, मोटारसायकलीही तिच्यावरच येतात. सुपारी विकली गेली की हप्ता भरायचा, असा आमचा हिशेब. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. वादळाने आमचं एका वर्षाचं उत्पन्न नेलं असतं तर आम्ही सावरलो असतो. त्याने पुढची सहा-सात वर्षं नेली.

ऑगस्टमध्ये मुलाची नोकरी गेली. गाड्याच खपत नाहीत तर विकणारा कशाला हवा? पुढे त्याला औषधांच्या एका वितरकाकडे काम मिळालं. म्हसळा, बोर्ली, दिघी अशा गावांतल्या दुकानांत औषधं पोचवायची. गाडी स्वतःची हवी, ही अट. तो म्हणाला, "अब्बा, माझे ते पैसे द्या. बाकीचं कर्ज काढतो."

पैसे नव्हते. घरावरचे पत्रे, वाडीतली पडलेली झाडं तोडून काढण्याची मजुरी, नवी रोपं, यात ते संपले होते. मी त्याला न विचारताच खर्च केले होते. तो रागावला नाही, हे मला जास्त लागलं. मी म्हणालो, "गाड्यांच्या किमती बघितल्यास का? तीन वर्षांपूर्वी पासष्ट हजारात रस्त्यावर येणारी गाडी आता पंच्याऐंशी मागते. माझी आहे ना, ती वापर."

माझी गाडी २००३ सालची, शाळेच्या पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली. तिच्यावरून मी कविसंमेलनं केली. दिघीच्या धक्क्यावर चार माणसांनी उचलून तिला लाँचमध्ये ठेवायचं, खाडी ओलांडायची, आगरदांड्याला उतरवायचं आणि मुरूडवरून अलिबाग गाठायचं. खाऱ्या वाऱ्याने तिचा मडगार्ड दोनदा खाल्ला. दर पावसाळ्याआधी मिस्त्री तिला खालून जळकं ऑइल फासून द्यायचा. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरणही करून घेतलं. माझ्या दृष्टीने गाडी उत्तम होती.

श्रोतेहो, इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. पैशांची अडचण खरी होती, पण मी खटपट केली असती तर कर्जाला जामीन राहू शकलो असतो. राहिलो नाही. त्यामागे दुसरं कारण होतं. १९९६ च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ नवी मोटारसायकल घेऊन निघाला आणि म्हसळ्याच्या वळणांवर घसरला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तो घरी आला तो चादरीत गुंडाळून. गाडी दोन महिन्यांची होती, तिच्या सीटवरचं प्लास्टिकही आम्ही काढलं नव्हतं. तेव्हापासून नवी गाडी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. जुनी गाडी हळू जाते, ओळखीची असते, अशी मी मनाची समजूत घातली होती. मुलाला हे कधी सांगितलं नाही. त्याच्यापुढे किमतीचा पाढा वाचला.

जुलै २०२१ मध्ये, पावसात, त्याच घाटात मुलगा पडला. समोर गुरं आली, त्याने मागचा ब्रेक दाबला, चाक अडकलं आणि गाडी आडवी झाली. हेल्मेट होतं, म्हणून गळ्याच्या हाडावर निभावलं. दवाखान्यात आमचा मिस्त्री भेटायला आला. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, "भाई, राग मानू नका. पण त्या गाडीत आता राम राहिला नाही. नव्या गाडीला पायाचा ब्रेक मारला की पुढचाही थोडा लागतो. गाडी सरळ थांबते. कायदाच झालाय तसा."

मग मी त्याच्याकडून नीट समजून घेतलं. त्या वेळच्या नियमाप्रमाणे १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सहसा दोन्ही चाकांचे ब्रेक जोडलेले असत. त्याहून मोठ्या गाड्यांना चाक अडकू न देणारी यंत्रणा लावावी लागते. आपल्याकडे बहुतेक माणसं घाबरली की पायानेच ब्रेक मारतात, त्यामुळे मागचं चाक अडकतं आणि गाडी घसरते. माझा भाऊ तसाच घसरला होता. ज्या वाढलेल्या किमतीच्या नावाने मी चहाच्या टपरीवर बोटं मोडत होतो, तिच्यात हा ब्रेकसुद्धा होता. मुलाला जपायचं म्हणून मी त्याला नव्या गाडीपासून दूर ठेवलं आणि जिच्यात ती यंत्रणा नव्हती, त्या अठरा वर्षांच्या गाडीवर बसवलं.

विक्री घटली, की बातमीत कंपन्यांचा तोटा येतो, कारखान्यांच्या पाळ्या कमी झाल्याचं येतं. ते खरंच असतं, त्यात कामगारांच्या चुली असतात. पण न विकल्या गेलेल्या गाडीच्या जागी कोणती तरी गाडी धावतच असते. माणसं घरी बसत नाहीत. ती जुनी गाडी ओढत राहतात, झिजलेल्या टायरवर, उतरलेल्या ब्रेकवर. त्या वर्षांत आमच्या मिस्त्रीच्या दारात पाय ठेवायला जागा नसे. त्याचा धंदा बरा चालला होता आणि तोच मला सांगत होता, की हे काही चांगलं लक्षण नाही.

पुढे बाजार हळूहळू सावरला. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे १ कोटी २२ लाख मोटारसायकली विकल्या गेल्या. २०१८-१९ च्या आकड्याला ही संख्या तोवर पोचली नव्हती. स्कूटर मात्र आपला जुना आकडा ओलांडून ६८ लाखांवर गेली. याचं कारण शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या आळीत ज्या मुली भावाच्या मागे बसून कॉलेजला जात, त्यांच्या धाकट्या बहिणी आता स्वतः स्कूटर चालवतात. डोक्यावरचा स्कार्फ घट्ट बांधून त्यावर हेल्मेट चढवतात आणि आईला मागे बसवून बाजार करतात. मोटारसायकलीचं एक गिऱ्हाईक स्कूटरकडे गेलं, याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात मुलगा काही बोलला नाही. मीच म्हणालो, "माणगावला जाऊन येऊ या."

ज्या शोरूममध्ये तो कधी काळी गाड्या दाखवायचा, तिथे आम्ही गिऱ्हाईक म्हणून बसलो. विकणाऱ्या पोराने त्याला ब्रेकची माहिती द्यायला सुरुवात केली. मुलगा हसला. म्हणाला, "ती माझ्या अब्बांना सांग." या वेळी जामीन म्हणून सही मी केली. घाटात त्या वळणावर त्याने गाडी हळू केली. आम्ही दोघेही काही बोललो नाही. मी मागे बसून मनातल्या मनात भावासाठी फातिहा पढलो.

दारात आल्यावर 'बिस्मिल्ला' म्हणायला चाचा नव्हते आणि मारायला किकही उरली नव्हती, बटन दाबून गाडी सुरू होते. शेजारच्या वहिनींनी वाडीतल्या झेंडूचा हार आणून हँडलला घातला. पेढे दोन्ही घरांत गेले.

हप्ते छत्तीस आहेत. वाडीतली नवी पोफळ आता माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. मागच्या दारातून समुद्र अजून दिसतो, पण पूर्वीइतका उघडा नाही. आणखी दोन-तीन वर्षांत झाडं लागतील. निम्मे हप्ते मुलाच्या पगारातून जातील, उरलेले सुपारीने भरावेत, असा आमच्या घरचा हिशेब आहे. मध्ये वादळ न आलं म्हणजे झालं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)