पहिला यंत्र-कारकून



कचेरीत येणारा नवा यंत्रमानव डोळ्यांना दिसत नाही. 'रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन' या भारदस्त नावाखाली जी वस्तू येते, ती केवळ एक आज्ञावली असते. कारकून संगणकाच्या पडद्यावर ज्या क्रमाने खिडक्या उघडतो, आकडे उतरवतो, बटणे दाबतो, तोच क्रम ती न थकता पार पाडते. जुन्या संगणकव्यवस्थेत फेरफार करावा लागत नाही. माणसाप्रमाणेच नाव आणि परवलीचा शब्द देऊन ती आत शिरते. त्यामुळे ती स्वस्त पडते आणि तिचा प्रवेश गाजावाजा न होता होतो.

ब्रिटनमधील टेलिफोनिका ओ-टू या दूरध्वनी कंपनीचे उदाहरण बोलके आहे. 2010 साली तिने प्रयोगासाठी दोन साधी कामे निवडली. एक, ग्राहकाचा क्रमांक कायम ठेवून जुन्या सिमकार्डाच्या जागी नवे जोडणे. दुसरे, आधीच हिशेब झालेली रक्कम ग्राहकाच्या खाती जमा करणे. लेस्ली विल्कॉक्स व मेरी लॅसिटी या अभ्यासकांनी या प्रयोगाचा वृत्तान्त नोंदवला आहे. 2015 पर्यंत तेथे 160 हून अधिक यंत्र-कारकून दरमहा चार ते पाच लाख व्यवहार उरकू लागले होते. या कंपनीच्या कार्यालयीन कामाचा एक हिस्सा भारतातील कंत्राटी कर्मचारी करीत असत, ही गोष्ट येथील कार्यकर्त्यांनी विसरता कामा नये. स्वस्त श्रमाच्या शोधात जे काम समुद्र ओलांडून आले, ते त्याहूनही स्वस्त यंत्र मिळताच परत जाऊ शकते.

असा पहिला यंत्र-कारकून घडतो कसा? प्रथम काम निवडले जाते: ज्याची आवृत्ती रोज शेकडो वेळा होते, ज्याचे नियम ठरलेले आहेत आणि ज्यात अपवाद थोडे आहेत असे. मग ते काम वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसाशेजारी कोणीतरी वही घेऊन बसते. कोणता रकाना आधी भरायचा, नाव जुळले नाही तर काय करायचे, रक्कम रिकामी आली तर कोणाला विचारायचे, हे सारे तो कारकून सांगत जातो. नियमपुस्तिकेत जे नसते ते त्याच्या बोटांत असते. ते कागदावर उतरते, कागदावरून आज्ञावलीत जाते. नियमात न बसणारी प्रकरणे तेवढी माणसाकडे परत येतात.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. अनुभवाने कमावलेले हे ज्ञान कारकुनाकडून मागून घेतले जाते. मात्र त्यातून वाचलेला वेळ आणि पैसा कोणाचा, हे त्याला विचारले जात नाही. डेव्हिड रिकार्डो हा काही समाजवादी नव्हता. तथापि 1821 साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांविषयी नवे प्रकरण घालून त्याने आपले पूर्वीचे मत बदलले आणि यंत्राचा वापर श्रमिकवर्गाला हानिकारक ठरू शकतो, हे मान्य केले.

याचा अर्थ यंत्राला सरसकट विरोध करावा असा नव्हे. दिवसभर एका पडद्यावरचे आकडे दुसऱ्या पडद्यावर उतरवणे यात माणसाचा कोणताही गौरव नाही. शिवाय यंत्र-कारकून आंधळा असतो. पडद्याची मांडणी बदलली की तो अडखळतो; नियमच चुकीचा दिला असेल तर तीच चूक तो हजारो खात्यांत इमानाने करतो. ती ओळखण्यासाठी काम जाणणारी माणसे लागतात. त्यांना घरी पाठवणारी संस्था आपली स्मृतीच गमावून बसते.

भारतीय कामगार चळवळीला हा प्रश्न नवा नाही. आयुर्विमा महामंडळात 1960 च्या दशकात संगणकाविरुद्ध मोठा लढा झाला. बँकांत 1983 साली यंत्रे किती व कोठे वापरायची याविषयी संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला. यंत्र हा वाटाघाटीचा विषय आहे, हे तत्त्व त्या कराराने प्रस्थापित केले. मात्र तेव्हाचे यंत्र ट्रकमधून उतरताना दिसत असे. आजचे दिसत नाही. म्हणून वाटाघाटीची वेळही अलीकडे ओढली पाहिजे.

ती वेळ म्हणजे वही उघडण्यापूर्वीची. कामाचे टप्पे सांगण्याआधीच संघटनेने तीन गोष्टी लेखी मिळवाव्यात: या कारणाने कोणाची, कंत्राटी कर्मचाऱ्याचीही, नोकरी जाणार नाही, ज्याने काम शिकवले त्यालाच यंत्रावर देखरेख करण्याचे प्रशिक्षण प्रथम मिळेल, आणि वाचलेल्या वेळाचा काही वाटा कमी तासांच्या किंवा वाढीव वेतनाच्या रूपाने कामगाराकडे येईल. यंत्र एकदा शिकून तयार झाले, की शिकवणाऱ्याच्या हाती देण्यासारखे काही उरत नाही. मागण्याचे बळ असते ते तोपर्यंतच.