दोष हाताचा की हत्याराचा?



नेमबाजीच्या कुठल्याही केंद्रावर तासभर उभं राहा, एक वाक्य हमखास कानांवर पडतं. ‘सर, हे पिस्तूल डावीकडे मारतं.’ कधी डावीकडे, कधी खाली, पण तक्रार तीच. नेम मधोमध धरला होता, गोळी मात्र भलतीकडे गेली. आणि तक्रारीपाठोपाठ मागणी येते, ‘साइट जरा सरकवून द्या ना!’

आज बोलायचं आहे ते या मागणीबद्दल. दहा वेळा चौकशी केली तर बहुतेक वेळा दोष पिस्तुलात निघत नाही, हातात निघतो. आणि हाताचा दोष साइट सरकवून झाकला, तर पुढे तो महागात पडतो. एखादी स्पर्धा हुकली तर फार बिघडत नाही. पण पोलिसाच्या किंवा परवानाधारकाच्या हातातल्या पिस्तुलाची गोळी चुकली, तर ती कुठेतरी जाऊन लागतेच. समोर कागद नसेल, तर भिंत असेल, काच असेल, नाहीतर माणूस असेल.

आधी हे हत्यार समजून घेऊ. कॉम्पॅक्ट म्हणजे आटोपशीर पिस्तूल. जगभरच्या पोलीस दलांत रुळलेलं ग्लॉक १९ हे त्याचं ठळक उदाहरण. ते १९८८ साली बाजारात आलं. त्याची नळी १०२ मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम चार इंच. नेम धरायला पिस्तुलावर दोन खुणा असतात. पुढे नळीच्या तोंडाजवळ एक उंचवटा, ती पुढची साइट. मागे डोळ्याच्या बाजूला एक खाच, ती मागची साइट. खाचेच्या मधोमध उंचवटा दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला पाहिजे आणि दोन्हींचे माथे एका रेषेत हवेत. या दोन साइटमधलं अंतर अशा पिस्तुलात सुमारे १५ सेंटीमीटर असतं. सारी मेख इथे आहे.

गणित सोपं आहे. पुढची साइट खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर १५ मीटरवरच्या कागदावर गोळी १० सेंटीमीटर सरकते. चूक शंभरपट होते. ऑलिम्पिकच्या २५ मीटर स्पर्धेतल्या पिस्तुलात हेच अंतर २२ सेंटीमीटरपर्यंत ठेवता येतं. तिथे तेवढ्याच चुकीला, तेवढ्याच अंतरावर, गोळी सात सेंटीमीटरच्या आतच चुकते. म्हणजे लहान पिस्तूल मुळात वाकडं मारत नाही, ते आपली चूक मोठी करून दाखवतं. त्याचं वजन कमी, मूठ आखूड, नळी आखूड. खिशाला सोयीचं ते सगळं नेमाला गैरसोयीचं.

मग शोध कुठून सुरू करायचा? पिस्तुलाकडे नंतर बघू, आधी कागद बघा. एका गोळीवरून काहीच ठरवू नका. सात मीटरवरून, घाई न करता, पाच गोळ्या एकाच बिंदूवर नेम धरून झाडा. मध्येच नेम बदलून ‘दुरुस्ती’ करू नका. आणि मग भोकं कशी पडली आहेत ते पाहा.

भोकं कागदभर विखुरली असतील, तर साइटला हात लावण्यात अर्थच नाही. साइट सरकवली तर विखुरलेला पसारा तसाच्या तसा दुसरीकडे जाईल. हा बहुधा पकडीचा, डोळ्याचा किंवा चापाचा दोष. पण पाचही भोकं एका मुठीत मावतील अशी जवळजवळ आहेत आणि सगळीच मध्यापासून दूर आहेत, तर मात्र विचार करण्यासारखी गोष्ट आहे. इथे दोन शक्यता उरतात. एक तर साइट खरंच सरकलेली आहे, किंवा नेमबाज दर वेळी तीच चूक अगदी इमानेइतबारे करतो आहे. कागदावर दोन्हींचं चित्र सारखंच दिसतं. फसगत होते ती इथेच.

उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे खाली जात असतील, तर संशय चापावर घ्यावा. एकटी तर्जनी मागे जायला हवी, पण तिच्याबरोबर सगळी मूठ आवळली जाते आणि नळीचं तोंड खाली डावीकडे झुकतं. आखूड मुठीच्या पिस्तुलात हे जास्त होतं. आणखी लहान पिस्तुलांत तर करंगळीला जागाच उरत नाही, बाकीची बोटं अधिक दाब देतात. गोळ्या सरळ खाली जात असतील, तर धक्क्याची भीती असते. आवाज आणि दणका येणार हे शरीराला ठाऊक असतं, आणि गोळी सुटायच्या क्षणभर आधीच मनगट तो धक्का दाबायला जातं. पुष्कळ केंद्रांवर अशा चुकांचा एक गोल तक्ता भिंतीवर लावलेला असतो. तो उपयोगी आहे, पण तो उजव्या आणि एका हातानं नेम धरणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यानं तो आरशात पाहिल्यासारखा उलटा वाचावा. दोन्ही हातांनी पिस्तूल धरणाऱ्यानं त्याला वेदवाक्य मानू नये.

या भीतीची परीक्षा फार सुंदर आहे. प्रशिक्षकानं मॅगझिन भरताना खऱ्या काडतुसांत एक-दोन नकली, म्हणजे दारू नसलेली काडतुसं मिसळायची. कुठलं कधी येणार हे नेमबाजाला सांगायचं नाही. नकली काडतूस आलं की नुसता टक् असा आवाज होतो. धक्का नाही, धूर नाही. आणि तरीही नळीचं तोंड खाली झुकलं, तर आणखी कुठलाही पुरावा नको! हात स्थिर राहिला, तर हातावरचा संशय बराच कमी झाला.

डोळ्याचीही चौकशी करायला हवी. माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहतो. मागची साइट, पुढची साइट आणि लक्ष्य ही तिन्ही एकदम ठळक दिसणं शक्य नाही. नियम असा, की पुढची साइट ठळक हवी, लक्ष्य थोडं धूसर चालेल. नवशिका नेमकं उलट करतो. चाळिशी ओलांडलेल्यांची अडचण वेगळी असते. पुढची साइट हाताच्या अंतरावर असते. वाचायचा चष्मा त्याहून जवळचं दाखवतो आणि लांबचा चष्मा त्यापलीकडचं. मग बायफोकल लावून मान मागे टाकली जाते, दर वेळी थोडी वेगळी, आणि गोळ्या वर-खाली होतात. यावर इलाज आर्मररकडे नाही, नेत्रतज्ज्ञाकडे आहे. हाताचं अंतर मोजून सांगितलं की तसा नंबर काढून मिळतो.

हात आणि डोळा निर्दोष ठरले, तर आता पिस्तुलाची पाळी. मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून, बसून, पाच गोळ्या झाडायच्या. मग तेच पिस्तूल, तीच काडतुसं एखाद्या मुरलेल्या नेमबाजाच्या हातात द्यायची. त्याच्याही गोळ्या त्याच जागी गेल्या, तर दोष हत्याराचा. मध्यावर बसल्या, तर उत्तर मिळालंच.

हत्यारात पाहायचं काय? साइट ढिली झाली आहे का, कुठे आदळून सरकली आहे का, नळीच्या तोंडाला टवका उडाला आहे का. आणि काडतुसं बदलली आहेत का? हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ९ मिलिमीटर पिस्तुलात ११५ ग्रेनची गोळी चालते तशी १४७ ग्रेनचीही चालते. जड गोळी सावकाश निघते, नळीत क्षणभर जास्त राहते, आणि तेवढ्यात धक्क्यानं नळीचं तोंड वर उचललं जातं. म्हणून जवळच्या अंतरावर जड गोळी सहसा थोडी वर लागते. काडतुसं बदलायची आणि नाव साइटला ठेवायचं, हा अन्याय झाला.

एवढं झाल्यावर साइट सरकवायला हरकत नाही. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. गोळी ज्या बाजूला न्यायची, त्या बाजूला मागची साइट न्यायची. पुढची साइट हलवायची तर उलट. १५ मीटरवर गोळ्या सहा सेंटीमीटर डावीकडे जात असतील, तर मागची साइट उजवीकडे फक्त ०.६ मिलिमीटर सरकवायची. हे काम हातोडी घेऊन घरी करायचं नाही. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. पोलीस दलात आर्मरर असतो, इतरांनी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जावं.

आता त्या ‘महागात पडतं’ची गोष्ट. समजा, चाप ओढताना हात डावीकडे झुकतो आणि तो दोष न काढता आपण साइट उजवीकडे सरकवली. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, गोळी मधोमध लागली, सगळे खूश. पण सरावानं हात सुधारला, की तेच पिस्तूल उजवीकडे मारू लागेल. खऱ्या प्रसंगी, छाती धडधडत असताना, झटका दुप्पट झाला तर ते कुठे मारेल याचा भरवसा नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात ते पिस्तूल गेलं, तर त्या बिचाऱ्याला कारणही कळणार नाही.

हत्यार कधीच दगा देत नाही, असं मात्र नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकर यांच्या एअर पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, बरीच मिनिटं दुरुस्तीत गेली. ५७५ गुणांवर त्या बाराव्या आल्या, अंतिम फेरीत आठच जण जातात. त्यांनी पुढे पॅरिसमध्ये, २०२४ साली, त्याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं. अभिनव बिंद्रा यांची गोष्ट रायफलची आहे, पण आपल्या मुद्द्याची आहे. बीजिंगमध्ये २००८ साली अंतिम फेरीआधी सरावाची गोळी झाडली, तर ती भलतीकडेच गेली. साइट बदललेली होती, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. हाताशी मोजकी मिनिटं. त्यांनी लगोलग साइट जुळवली आणि अंतिम फेरीतला पहिलाच नेम १०.७ गुणांचा मारला. पुढे सुवर्णपदक मिळालं. इतक्या झटपट साइटला हात लावायचा अधिकार त्यांना कुठून आला? हजारो गोळ्यांच्या सरावातून त्यांना आपला हात पुरता ठाऊक होता. हात ठाऊक असलेल्या माणसालाच हत्यारावर संशय घेता येतो.

जाता जाता एक सूचना, आणि ती जिवाशी संबंधित आहे. गोळी झाडताना नेहमीचा दणका न येता फुसका आवाज आला, तर लगेच थांबा. दुसरी गोळी झाडू नका. पहिली नळीतच अडकलेली असू शकते, तिच्यामागून दुसरी गेली तर नळी फाटते. तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवा, प्रशिक्षकाला बोलवा. कोरडा सराव करतानाही आधी मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी पाहा, बोटानं चाचपा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

थोडक्यात, क्रम असा. आधी कागद, मग हात, मग डोळा, मग काडतूस, आणि सर्वांत शेवटी साइट. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा पाच गोळ्या झाडून पाहा. वेळ लागतो, काडतुसंही खर्च होतात. पण गोळी कुठे जाईल हे ठाऊक नसलेलं पिस्तूल कमरेला लावून हिंडण्यापेक्षा हा खर्च केव्हाही स्वस्त.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)