हृदयोपचाराची पूर्वओळख

हृदयाच्या धमन्यांची तपासणी, म्हणजे अँजिओग्राफी, उद्यां करावयाची आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें, कीं रुग्ण मान डोलावतो. रात्रीं मात्र त्यास झोंप येत नाहीं. नळी हृदयापर्यंत जाते ती कशी, आपण तेव्हां शुद्धीवर असूं काय, हे प्रश्न ज्यांस विचारावयाचे ते डॉक्टर तोंपर्यंत निघून गेलेले असतात. अंधारांतला बागुलबुवा वाढत जावा, तशी ही भीति वाढत जाते.

वास्तविक या तपासणींत रुग्ण बहुधा जागाच असतो. मनगटाजवळची किंवा जांघेंतली जागा औषधानें बधिर करून तेथील धमनींत सुमारें २ मिलिमीटर जाडीची लवचिक नळी घालतात, आणि ती हृदयाच्या धमन्यांच्या मुखापर्यंत नेतात. मग तींतून क्ष-किरणांस दिसणारें द्रव्य सोडतात. यंत्राचा बाहू छातीभोंवतीं फिरतो. कधीं अंगांतून क्षणभर ऊब पसरल्यासारखी वाटते. १९७७ सालीं झुरिच येथें आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनीं हृदयाची अरुंद झालेली धमनी नळीवरील फुग्यानें प्रथम रुंद केली, तेव्हांही रुग्ण जागाच होता. जाग्या माणसास स्थिर पडून राहावयाचें असतें, दुखलें तर सांगावयाचें असतें. म्हणून पुढें काय होणार हें त्यास ठाऊक असणें, हा उपचाराचाच एक भाग होय.

आधीं सांगण्याचें सामर्थ्य किती, याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉक्टरांनीं १९६४ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटाच्या शस्त्रक्रियेपूर्वीं त्यांनीं कांहीं रुग्णांना वेदना कोठें होईल व ती कशी सोसावी हें समजावून दिलें. इतरांना तसें सांगितलें नाहीं. ज्यांना समजावून दिलें, त्यांना शस्त्रक्रियेनंतर अफूच्या वर्गांतलें वेदनाशामक औषध सुमारें निम्मेंच लागलें.

आतां शब्दांच्या जोडीस एक नवें साधन आलें आहे. त्यास व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, असें म्हणतात. डोक्यावर चढविलेल्या चष्म्यांत प्रत्येक डोळ्यास किंचित् निराळें चित्र दिसतें, आणि मान वळवितांच दृश्यही वळतें; त्यामुळें आपण त्या जागीं उभे आहों असें वाटतें. आयव्हन सदरलँड यांनीं १९६८ सालीं दाखविलेलें असें यंत्र छतास अडकवावें लागे. आजचें हातांत उचलून नेतां येतें. हा चष्मा घालून रुग्ण उपचाराच्या आधींच त्या दालनांत जाऊन येतो. टेबल, दिवे, फिरणारें यंत्र पाहून घेतो. अमेरिकेंतील स्टॅनफर्डच्या ल्युसिल पॅकर्ड बालरुग्णालयानें २०१७ सालीं पुढें आणलेल्या योजनेंत, बालकाच्या हृदयांतील जन्मजात दोष कसा असतो व तो कसा दुरुस्त करतात, हें आईबापांना याच रीतीनें दाखवितात.

मात्र हें साधन म्हणजे रामबाण नव्हे. कांहींना या चष्म्यानें मळमळ होते. हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या रुग्णापाशीं इतका वेळच नसतो. कांहीं प्रयोगांत भीति कमी झाल्याचें आढळलें, तथापि सर्वांचे निष्कर्ष सारखे नाहींत. शिवाय प्रत्यक्ष उपचारांत रक्तस्राव, क्वचित् त्याहून गंभीर संकटही संभवतें. तें झांकून केवळ यश दाखविणारें चित्र हें दर्शन नव्हे, तें भुलविणें होय.

आपल्याकडे या विषयास आणखी एक बाजू आहे. कित्येक घरांत कागद मुलगा वाचतो, सही तोच करतो, आणि वडिलांना "काळजी करूं नका" एवढेंच सांगण्यांत येतें. हें मौन प्रेमापोटींच असतें. परंतु त्यानेंच वडिलांची रात्र जड होते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं स्पष्ट केलें कीं, प्राणसंकटाचा तातडीचा प्रसंग नसेल तर सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची, समजून दिलेली संमतिच पाहिजे.

असा चष्मा प्रत्येक रुग्णालयांत नाहीं. परंतु त्याच्यामागचें तत्त्व कोठेंही पाळतां येतें. डॉक्टरांनीं कागदावर हृदय रेखाटून दाखवावें, धोकाही सांगावा. घरच्यांनीं रुग्णाचे प्रश्न आदल्या दिवशीं लिहून न्यावे आणि त्या संभाषणांत त्यास शेजारीं बसवावें; कारण दुसऱ्या दिवशीं त्या टेबलावर निजावयाचें असतें तें त्यालाच.