टाकाऊ कोण ठरवतो?

(नैसर्गिक टाकाऊ द्रव्यांपासून उपयुक्त वस्तू घडविण्याच्या स्पर्धेत उतरणारे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



बौद्ध वाङ्मयात जीवक नावाच्या वैद्याची एक कथा आहे. तक्षशिलेतील त्याचे अध्ययन संपत आले, तेव्हा आचार्यांनी त्याला परीक्षा घातली. 'हाती कुदळ घे, तक्षशिलेच्या सभोवार एक योजन हिंड आणि औषधाला निरुपयोगी अशी वनस्पती आढळली तर घेऊन ये.' जीवक हिंडला आणि रिकाम्या हातांनी परतला. अशी एकही वनस्पती आढळली नाही, एवढेच त्याने सांगितले. त्याचे शिक्षण पूर्ण झाले, असे आचार्यांनी मानले.

कथा औषधांची आहे, परंतु आजच्या विषयाला ती तंतोतंत लागू पडते. टाकाऊपण हा वस्तूचा अंगभूत गुण नव्हे, तो पाहणाऱ्याच्या दृष्टीचा आणि समाजाच्या व्यवस्थेचा दोष आहे. एकाच्या परसातला कचरा दुसऱ्याच्या कामाचे द्रव्य असू शकतो, मात्र त्या दोघांना जोडणारा कोणी तरी लागतो. संस्कृतात त्याला 'योजक' असा नेमका शब्द आहे. 'डिझाइन' म्हणजे नक्षीकाम किंवा सजावट, असा समज आपल्याकडे रूढ झाला आहे. प्रत्यक्षात डिझाइन म्हणजे योजना आणि डिझायनर म्हणजे योजक. हे एकदा ध्यानात आले की या स्पर्धेत काय करायचे, यापेक्षाही काय करायचे नाही, ते आपोआप स्पष्ट होते.

मराठी घराला ही दृष्टी अपरिचित नाही. कोकणातल्या घरी नारळ फुटला की खोबरे स्वयंपाकात जाई, करवंटीचा डाव होई, सोडणाचा काथ्या वळला जाई, उरलेली सोडणे न्हाणीच्या चुलीत जात आणि झावळीच्या हिरांचा खराटा बांधला जाई. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, चुलीतली राख भांडी घासायला येई. 'कचरा' म्हणून घराबाहेर पडण्यासारखे फारसे काही उरतच नसे. हा वारसा अभिमानास्पद आहे. परंतु पूर्वजांच्या काटकसरीचे पोवाडे गाऊन आजचा उकिरडा कमी होत नाही. ती काटकसर गरजेतून आलेली होती. आज गरज बदलली, साधने बदलली, घरात येणाऱ्या वस्तू बदलल्या. म्हणून आज ती दृष्टी परंपरेने मिळणार नाही, अभ्यासाने कमवावी लागेल. अशी स्पर्धा हे त्या अभ्यासाचे निमित्त आहे.

मासळीच्या कातडीतला शोध

अभ्यास म्हणजे काय, याचे एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. ससेक्स विद्यापीठात वस्तुरचनेचे शिक्षण घेणाऱ्या लुसी ह्यूज या विद्यार्थिनीने आपल्या प्रकल्पासाठी समुद्रकिनाऱ्यावरील एका मासळी-प्रक्रिया केंद्राला भेट दिली. तिथे मासळीची कातडी आणि खवले यांचे ढीग पडत होते. ब्रिटनमधल्या या उद्योगातून वर्षाकाठी असा सुमारे ५ लाख टन कचरा निघतो, असे सांगितले जाते. तिने कातडी हातात घेऊन पाहिली. ती लवचीक होती आणि चिवटही. वेष्टनाच्या प्लॅस्टिककडून आपण याहून वेगळे काय मागतो?

पुढचे काम मात्र चमत्काराचे नव्हते, चिकाटीचे होते. कातडी आणि खवल्यांतील द्रव्याला धरून ठेवणारे बंधकही समुद्रातलेच हवे, असे तिने ठरवले आणि लाल शेवाळाचा आधार घेतला. राहत्या घराच्या स्वयंपाकघरातसुद्धा प्रयोग चालले. शंभराहून अधिक प्रयोगांनंतर एक पारदर्शकसर, पातळ, मजबूत पापुद्रा तयार झाला. त्याचे नाव 'मरीनाटेक्स'. वापरून झाल्यावर तो मातीत ४ ते ६ आठवड्यांत विरघळून जातो. २०१९ साली या प्रकल्पाला जेम्स डायसन पुरस्काराचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

या उदाहरणातला क्रम महत्त्वाचा आहे. ती विद्यार्थिनी 'काय बनवू?' असा प्रश्न घेऊन दुकानात गेली नाही. ती आधी ढिगापाशी गेली, द्रव्य हाताळले, त्याचा स्वभाव ओळखला आणि मग तो स्वभाव कोणत्या गरजेला उपयोगी पडेल, याचा विचार केला. आपल्याकडच्या प्रदर्शनांत बहुधा उलटे घडते. आधी फुलदाणी, पेनस्टँड किंवा भिंतीवरचे तोरण ठरते आणि मग त्यासाठी 'टाकाऊ' वस्तू शोधली जाते. शोधून मिळाली नाही तर बाजारातून विकत आणली जाते! आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्यांचे पुडके विकत घेऊन 'टाकाऊतून टिकाऊ' या सदरात घर उभे करणारे विद्यार्थी आणि त्यांना प्रथम क्रमांक देणारे परीक्षक, दोघांनीही मूळ हेतूची थट्टा केलेली असते.

पाचटाने शिकवलेला हिशेब

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातले आहे. ऊस तोडल्यावर वाळलेली पाने, म्हणजे पाचट, शेतात उरते. ते जनावरे खात नाहीत, लवकर कुजत नाही, म्हणून शेतकरी ते पेटवून देतो. त्या धुराने आसमंत भरतो आणि जमिनीतले उपयुक्त जीवजंतूही होरपळतात. पुण्याच्या 'अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट', म्हणजेच 'आरती', या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पाचटाचा कोळसा करण्याचे तंत्र विकसित केले. पाचट बंद पिंपात तापवायचे, झालेला कोळशाचा चुरा खळीसारख्या चिकट द्रव्यात मळायचा आणि यंत्रातून त्याच्या कांड्या पाडायच्या. धूर न करणारे इंधन तयार! या कामाला २००२ साली ब्रिटनमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

यातले मर्म केवळ रसायनात नाही, हिशेबात आहे. पाचट अत्यंत हलके आणि फुगीर असते. ट्रक भरून कारखान्यात न्यायचे म्हटले तर निम्मी हवाच वाहून नेल्यासारखे होईल आणि वाहतुकीचा खर्च मालाच्या किमतीला गिळून टाकील. म्हणून पाचट भट्टीकडे नेण्याऐवजी भट्टीच शेतावर नेता येईल, अशी योजना झाली. शेती-अवशेषांवरच्या अनेक उत्तम कल्पना नेमक्या या ठिकाणी कोलमडतात. वस्तू सुंदर होते, परंतु कच्चा माल गोळा कोण करणार, वाळवणार कोण, पावसाळ्यात साठवणार कुठे, याचे उत्तर कोणाकडेच नसते. स्पर्धेच्या तक्त्यावर हे उत्तर लिहिलेले असेल, तर परीक्षकाला तो प्रकल्प वेगळा ओळखू येईल.

आधीचा हक्कदार कोण?

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. आपल्याला टाकाऊ दिसणारी गोष्ट कोणाची तरी आधीच गरज भागवत असते. भाताचा पेंढा कोकणातल्या गायीगुरांचा चारा आहे. सोडणे आणि करवंट्या कोणाच्या तरी चुलीचे सरपण आहे. पाचटाचेच पाहा. ते न जाळता खोडव्यात आच्छादन म्हणून पसरावे आणि तिथेच कुजू द्यावे, असे आज कृषितज्ज्ञ सांगतात. त्यामुळे ओल टिकते आणि जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. म्हणजे जे जाळले जाणार आहे त्याचा कोळसा करणे शहाणपणाचे, पण जे मातीला परत मिळणार आहे ते उचलून आणणे हे मातीच्या तोंडचा घास काढणे होय.

म्हणून प्रत्येक गटाने वस्तूला हात घालण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. हे द्रव्य आज कुठे जाते? जाळले जाते, नदीत जाते, क्षेपणभूमीवर जाते, की कोणाच्या उपयोगी पडते? ते आपण घेतले तर कोणाचे काय कमी होईल? घरोघरचा कचरा वेगळा करून त्यावर पोट भरणाऱ्या भगिनींशी अर्धा तास बोलले, तरी पुस्तकात न मिळणारी माहिती मिळते. समाजाचा विचार न करता केलेली योजना कितीही 'हरित' दिसली तरी अपुरीच राहते.

याउलट, खरोखर ओझे झालेले द्रव्य योग्य ठिकाणी पोहोचले म्हणजे काय घडते, ते केरळात दिसते. सोडणातून काथ्या काढताना जो भुसा उरतो, त्याचे ढीग तिथे एके काळी डोकेदुखी होते. तो भुसा पाणी भरपूर धरून ठेवतो, हा त्याचा गुण रोपवाटिकांनी हेरला. आज त्याच भुशाच्या विटा परदेशी जातात आणि भारताच्या काथ्या-उत्पादनांच्या निर्यातीत त्यांचा मोठा वाटा आहे. भुसा तोच, बदलली ती योजना.

टिकाऊ, पण किती काळ?

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग लोकप्रिय आहे, परंतु तोही तपासून घ्यावा. खुर्ची पंचवीस वर्षे टिकावी हे योग्यच. परंतु दहा मिनिटांच्या अल्पोपाहाराची थाळी शेकडो वर्षे टिकत असेल, तर ती टिकाऊ नव्हे, चिवट उपद्रवी आहे. पळसाच्या पानांची पत्रावळ जेवण होईपर्यंत टिके आणि नंतर खतात मिसळे, यातच तिच्या रचनेचे शहाणपण होते. वस्तूचे आयुष्य तिच्या कामाइतके असावे, हा नियम आहे.

या कसोटीवर अनेक प्रकल्प एका छोट्या गोष्टीने नापास होतात. ती म्हणजे गोंद. केळीच्या सोपटाचा धागा नैसर्गिक, उसाची चिपाडे नैसर्गिक, परंतु त्यांना कृत्रिम राळेत बुडवून वर चकचकीत वार्निश दिले की जी वस्तू तयार होते ती धड कुजत नाही आणि धड पुन्हा वितळवताही येत नाही. दोन चांगल्या गोष्टींपासून एक वाईट गोष्ट घडते. मरीनाटेक्सच्या वेळी बंधकासाठी लाल शेवाळच का शोधले गेले, ते येथे कळते. खळ, डिंक, मेण, लाख, चुना अशी बंधके आणि लेप आपल्या परंपरेत आहेत. ओल, बुरशी आणि वाळवी यांपुढे त्यांतले कोणते किती तग धरते, याची कसोटी विद्यार्थ्यांनी स्वतः लावावी. कोकणातल्या एका पावसाळ्यात टिकले तर ते खरे!

अपयशाची वही

शेवटचा मुद्दा विद्यार्थ्यांसाठी आणि त्याहून अधिक पालकांसाठी आहे. फिलिपिन्समधील मापुआ विद्यापीठाचा विद्यार्थी कार्व्ही माईगे याने फळे-भाज्यांच्या वाया गेलेल्या पिकांतील कण वापरून एक फलक तयार केला. ते कण अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात आणि त्या प्रकाशापासून वीज निर्माण होते. वादळांनी पिके नासणाऱ्या देशातला हा विचार आहे. २०१८ साली त्याने याच डायसन पुरस्कारासाठी प्रवेशिका पाठवली, तेव्हा ती पहिल्या टप्प्याच्या पुढेही गेली नाही. त्याने काम सोडले नाही. स्थानिक पिकांचे सुमारे ८० प्रकार तपासले, त्यांतले ९ आशादायक ठरले आणि २०२० साली याच पुरस्कारातील शाश्वततेचे पारितोषिक त्याला मिळाले.

त्या ८० पैकी उरलेले ७१ प्रकार वाया गेले का? मुळीच नाही. त्यांनीच ९ दाखवून दिले. म्हणून प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. कोणत्या दिवशी, कोणत्या मापाने, काय मिसळले आणि काय बिघडले, ते तारीखवार लिहावे. बिघडलेल्या वस्तूकडेही नीट पाहावे. कानपूरमध्ये मंदिरांतल्या निर्माल्यापासून उदबत्त्या करणाऱ्या 'फूल' या उद्योगात पडून राहिलेल्या फुलांवर एक जाडसर, चामड्यासारखा थर वाढलेला दिसला. दुसऱ्या कोणी तो बुरसटलेला माल म्हणून फेकला असता. तिथे त्याचा अभ्यास झाला आणि त्यातून चामड्याला पर्याय उभा राहिला. २०२२ साली अर्थशॉट पारितोषिकाच्या अंतिम फेरीपर्यंत तो पोहोचला.

पालकांना एक नम्र विनंती. मुलांचा प्रकल्प रात्री जागून आपण पूर्ण करू नये. आईच्या हातची सफाई आणि वडिलांनी बाहेरून करून आणलेले सुतारकाम परीक्षकाला दुरूनही ओळखू येते, आणि समजा न ओळखता पारितोषिक मिळालेच, तर मुलाच्या मनावर जो संस्कार होतो तो पारितोषिकाहून फार काळ टिकतो. मुलाची वस्तू वाकडी होऊ द्यावी, त्याचा लगदा बुरसू द्यावा, स्वयंपाकघराचा एक कोपरा काही दिवस अस्ताव्यस्त राहू द्यावा. पालकांचा सहभाग इतकाच, की वहीत आज काय लिहिले, हे रोज विचारावे.

मित्रहो, स्पर्धेत पहिला क्रमांक एकाचाच येईल. परंतु या आठवड्यात प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतला एक ढीग निवडला, मग तो भाजीबाजारातल्या पाल्याचा असो, शहाळेवाल्याच्या गाडीमागचा असो, देवळामागच्या निर्माल्याचा असो वा रसवंतीच्या चिपाडांचा, आणि तो कुठून येतो, किती येतो, कुठे जातो, हे सात दिवस वजन-मापासह लिहून काढले, तरी त्या गावात तितके ढीग पहिल्यांदाच कोणीतरी डोळसपणे पाहिलेले असतील. वस्तू त्यानंतर घडवावी. पारितोषिकाची ढाल कपाटात जाईल, पण पाहण्याची सवय आयुष्यभर सोबत राहील. अशा सवयीची चार मुले ज्या वस्तीत तयार होतील, तिथला उकिरडा लहान झाल्याशिवाय राहणार नाही. या कार्यासाठी सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा.