घसरणारा गियर

नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर सौसर तालुक्यात बोरगाव हे गाव आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा नव्याने निर्माण झाला, तेव्हापासून सौसर व पांढुर्णा हे दोन्ही तालुके त्या जिल्ह्यात मोडतात. १९९१ साली या औद्योगिक वसाहतीत रेमंडची कापडगिरणी उभी राहिली. आसपास संत्र्यांच्या बागा आहेत. राज्य मध्यप्रदेश असले तरी घरची भाषा मराठी. आणि मोठी खरेदी, मोठे दुखणे व मोठी दुरुस्ती या तिन्हींसाठी लोकांची धाव नागपूरकडेच असते.

अशा या गावातील एक गृहस्थ कल्पावा. डावा गुडघा दुखत असल्याने क्लच दाबणे त्याला कठीण जाऊ लागले, म्हणून त्याने नागपुरातून स्वयंचलित गियरची एक जुनी मोटार घेतली. घरी वृद्ध आई आहे आणि तिला दरमहा नागपूरच्या रुग्णालयात न्यावे लागते. एके दिवशी छिंदवाड्यास जाताना सिल्लेवानीच्या घाटात मोटार चढेनाशी झाली. पाय दाबला की इंजिन गर्जना करी, पण चाकांना त्याची दाद नसे. गॅरेजमधून निरोप आला, “गियरबॉक्स गेला. नवा टाकावा लागेल.” सांगितलेला खर्च मोटारीच्या किमतीच्या जवळपास होता. आता गाडी विकावी, कर्ज काढावे, की आईची रुग्णालयाची फेरी एस.टी.ने करावी, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला.

वस्तुतः गियर घसरणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. अंगात ताप आहे एवढ्यावरून कोणी शस्त्रक्रिया करीत नाही; तापाचे कारण आधी शोधले जाते. मोटारीच्या बाबतीतही हाच न्याय लावला पाहिजे.

स्वयंचलित गियरच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घातले म्हणजे इंजिनाची शक्ती तेलाच्या द्वारे पुढे जाते. जर्मनीतील हेर्मान फॉटिंगर या अभियंत्याने १९०५ साली ही युक्ती जहाजांसाठी शोधून काढली. पुढे अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्डस्मोबाईलच्या १९४० च्या गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा स्वयंचलित गियर बसविला आणि तेथून त्याचा प्रसार झाला. आजच्या गियरबॉक्समध्ये तेल तीन कामे करते. ते शक्ती पुढे नेते, यंत्र थंड ठेवते आणि पंपाच्या दाबाने क्लचच्या प्लेटा एकमेकींवर घट्ट दाबून धरते. हा दाब कमी पडला की प्लेटा एकमेकींवरून निसटतात. यालाच गियर घसरणे म्हणतात. निसटणाऱ्या प्लेटा घर्षणाने तापतात, उष्णतेने तेल करपते, आणि करपलेले तेल त्यांना आणखी निसटू देते. म्हणूनच अशी गाडी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत चालविणे सर्वांत महाग पडते.

प्रथम हे खरोखर घसरणेच आहे की इंजिनाची अशक्तता, हे पाहावे. सपाट व मोकळ्या रस्त्यावर एका संथ वेगाने जाताना पाय किंचित दाबावा आणि इंजिनाचे फेरे दाखविणाऱ्या काट्याकडे सोबत्याने लक्ष ठेवावे. काटा दोन हजारांवरून एकदम तीन हजारांवर उडाला आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच राहिला, तर गियर घसरतो आहे. काटाही सुस्त आणि गाडीही सुस्त, असे असेल तर दोष हवेच्या जाळीत किंवा इंधनात असण्याचा संभव अधिक. अशा वेळी गियरबॉक्स उघडणे म्हणजे दातदुखीसाठी डोळ्यांचा वैद्य गाठण्यासारखे आहे.

दुसरी परीक्षा तेलाची. ज्या गाडीत तेल मोजण्याची पट्टी दिलेली असते, तेथे ती घरीही करता येते. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा, चाकामागे दगड लावावा व गियर ‘पी’वर ठेवावा. थोडे अंतर चालवून तेल गरम झालेले असावे. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून मोजतात, काहींत बंद करून. गाडीच्या पुस्तिकेत जसे असेल तसे करावे. पट्टी पुसून पुन्हा घालावी व गरम तेलाची खूण पाहावी. तेल कमी असेल तर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो आणि दाब पडतो. चढावर किंवा वळणावर तेल एका बाजूस सरकत असल्याने हा दोष तेथेच आधी दिसतो. घाटात घसरणारी गाडी सपाटीवर शहाण्यासारखी वागते, याचे एक कारण हेच होय.

मग तेल पांढऱ्या कागदावर टिपून पाहावे. ते बहुधा लाल असते. किंचित तपकिरी झाले असेल तर ते जुने झाले आहे. काळपट होऊन करपल्याचा वास येत असेल तर प्लेटा जळू लागल्या आहेत. दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरचे पाणी आत शिरले आहे. तेव्हा गाडी जागची हलवू नये. फेस दिसला तर तेल जास्त भरले गेले असावे. अनेक नव्या गाड्यांत पट्टीच नसते. त्यांचे तेल गाडी लिफ्टवर चढवून, ठराविक तापमानाला, खालच्या बुचातून तपासावे लागते. ते काम मिस्त्रीवरच सोपवावे. नुसत्या जॅकच्या आधारावर गाडीखाली कोणीही शिरू नये.

उपाय करताना अल्पखर्चाकडून अधिक खर्चाकडे जावे. तेल कमी असेल तर पुस्तिकेत सांगितलेले नेमके तेलच पाव-पाव लिटर घालून पुन्हा पाहावे. परंतु गियरबॉक्स तेल जाळून टाकीत नाही. ते कमी झाले म्हणजे कोठेतरी गळतेच. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा, सकाळी लाल डाग कोठे पडला ते दिसते. चेंबरचे पॅकिंग, चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे सील, किंवा रेडिएटरकडे तेल नेणारी नळी, ही गळतीची नेहमीची ठिकाणे. नवा गियरबॉक्स आणि नळीचा एक तुकडा यांच्या खर्चात केवढी तफावत आहे, हे सांगावयास नको.

तेल पुरेसे पण जुने असेल तर ते व त्याची जाळी बदलावी. एका वेळी बूच काढून सगळे तेल निघत नाही. बरेचसे आत राहते. म्हणून काही दिवसांनी पुन्हा एकदा बदलणे हितावह. त्यानंतर गियरच्या दांड्याची तार नीट बसली आहे काय, विजेचे जोड गंजले आहेत काय, हे पाहावे आणि स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाने नोंदविलेले दोष वाचावेत. तेलाचा दाब नियंत्रित करणारा एखादा विद्युत झडपेचा भाग बिघडला असेल, तर तेवढाच बदलून भागते.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी हा स्वस्त प्रकार लोकप्रिय झाला. त्यात साधा गियरबॉक्स व साधी क्लच प्लेटच असते. क्लच दाबण्याचे काम यंत्र करते. तो घसरला तर बहुधा क्लच प्लेट झिजलेली असते, किंवा स्कॅनरने क्लचची नव्याने जुळणी करावी लागते. सीव्हीटी या प्रकारात गियरऐवजी पट्टा व कप्प्या असतात. त्यात वेग घेताना इंजिनाचा आवाज आधी चढणे स्वाभाविक असते, तो दोष नव्हे. मात्र त्याचे तेल निराळे असते आणि चुकीचे तेल घातल्यास पट्टा खरोखरच घसरू लागतो.

स्वस्त उपाय आणि फसवा उपाय यांतही अंतर आहे. घसरण थांबविणारे चमत्कारी औषध म्हणून विकली जाणारी बाटली, किंवा दोष झाकण्यासाठी घातलेले दाट तेल, यांनी जळालेली प्लेट पुन्हा भरून येत नाही. तेलात धातूचा चुरा दिसू लागला, तर स्वस्त उपायाची वेळ टळली असे समजून गियरबॉक्स उघडावाच लागतो. त्या वेळीही दुसऱ्या जाणत्याचे मत घ्यावे, जुने भाग समोर ठेवून दाखविण्यास सांगावे आणि लेखी अंदाजपत्रक मागावे. प्रामाणिक मिस्त्रीला त्यात अपमान वाटत नाही.

बोरगावच्या त्या गृहस्थाने पुठ्ठा पसरला असता सकाळी पुढच्या बाजूस लाल डाग दिसला असता. रेडिएटरकडे जाणारी रबरी नळी तडकलेली, तेल खुणेखाली गेलेले, पण रंग अजून लाल. एवढेच त्याच्या गाडीचे दुखणे असू शकते. नळी व तेल बदलून तो पुन्हा घाट चढेल. उताराला खालचा गियर लावील, आणि चढावर थांबताना पायाने इंजिनाच्या जोरावर गाडी तोलून न धरता ब्रेक दाबील. पण आणखी महिनाभर तशीच चालविली असती, तर गॅरेजचा तो पहिला निरोप खरा ठरला असता.

यंत्र बोलत नाही, पण खुणा करते. त्या वेळेवर पाहणाऱ्याचा खर्च थोडक्यात आटोपतो, आणि आईची नागपूरची फेरीही चुकत नाही.